गोंद शेवटी: पहिल्या मॉडेल विमानात रेडिओ बसवणं आणि तोल साधणं

सांगाडा तयार झाला, पंखावर रंगीत टेप चढला, सर्व्होंची (पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरींची) पुडी घरी आली, की हात शिवशिवायला लागतात. ग्लूगन तापवावी आणि एकेक वस्तू जागच्या जागी चिकटवून मोकळं व्हावं, असं वाटतं. त्या क्षणी थांबा. विमान उडेल की पडेल, हे बरंचसं पुढच्या तासाभरात ठरतं, आणि त्या तासात गोंदाचं काही काम नसतं.

माझ्या दुसऱ्या विमानात मी एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची आडवी पट्टी) आणि रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी उभी पट्टी) यांचे सर्व्हो थेट शेपटीजवळ चिकटवले होते. पुशरॉड (सर्व्होपासून पट्टीपर्यंतच्या तारा) छोटे झाले, काम देखणं दिसलं. दोन सर्व्हो मिळून वजन फक्त १८ ग्रॅम. पण ते तोलबिंदूच्या (विमानाच्या वजनाच्या केंद्राच्या) ५५० मिलिमीटर मागे होते, आणि नाक तोलबिंदूच्या फक्त २५० मिलिमीटर पुढे. मागचे १८ ग्रॅम फेडायला पुढे ४० ग्रॅम शिसं लागलं असतं. तो हिशोब मी केला नव्हता. विमान हातातून सुटलं, नाक वर गेलं, वेग संपला आणि ते जमिनीवर आलं. पंख मधोमध मोडला. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: आधी सगळं टेपनं तात्पुरतं लावायचं, तोल बघायचा, जागा ठरवायच्या आणि गोंद शेवटी. रेडिओ बसवणं आणि तोल साधणं ही दोन वेगळी कामं नाहीत. प्रत्येक वस्तू कुठे ठेवायची हे ठरवताना तुम्ही तोलच ठरवत असता.

या लेखासाठी एक ठरावीक विमान समोर ठेवू. वरच्या पंखाचं, चार चॅनलचं (चार वेगळे हुकूम घेणारं), फोम बोर्डाचं शिकाऊ विमान. पंखाचा विस्तार १२०० मिमी, पंखाची रुंदी सरळ २०० मिमी, सगळ्यासकट वजन ९०० ग्रॅमच्या आसपास. मोटर २२१२ आकाराची, १००० केव्हीची (दर व्होल्टला मिनिटाला १००० फेरे). ३० अँपिअरची ईएससी (मोटरचा वेग ठरवणारं सर्किट). तीन सेलची २२०० एमएएच लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी, वजन साधारण १८० ग्रॅम. चार ९ ग्रॅमचे सर्व्हो. सहा चॅनलचा २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ, म्हणजे हातातला ट्रान्समीटर आणि विमानातला रिसीव्हर. सनबोर्डाचं किंवा बाल्साचं विमान असेल तरी पद्धत हीच, फक्त आकडे तुमचे घाला.

एक नियम मात्र सगळ्याच्या आधी. टेबलावर काम चालू आहे तोवर प्रोपेलर मोटरवर नको. रेडिओची सेटिंग बदलताना, सर्व्होची दिशा उलटवताना, चुकून कोपर लागून थ्रॉटल (मोटरच्या वेगाची काडी) पुढे जातो. १० इंची प्रोपेलर बोटं कापतो. प्रोपेलर वजनासाठी लागतोच, पण तेव्हा बॅटरीची तार सुटी ठेवा.

आधी टेप, मग विचार

मोटर, ईएससी, रिसीव्हर, सर्व्हो, बॅटरी, चाकं, प्रोपेलर असं सगळं सामान मास्किंग टेपनं अंदाजे जागी लावा. पंख रबरबँडनं बसवा. पंखाच्या पुढच्या कडेपासून मागे ५५ मिमीवर दोन्ही बाजूंना, धडाच्या जवळ, खालून खूण करा. आता दोन्ही हातांची तर्जनी त्या खुणांखाली धरून विमान उचला.

नाक किंचित खाली झुकून स्थिर राहिलं तर सुरुवात चांगली. शेपूट खाली गेली तर बॅटरी पुढे सरकवा. बॅटरी ही विमानातली सगळ्यात जड आणि सगळ्यात सहज हलणारी वस्तू. तिची जागा आधी शोधा, बाकीचे तिच्या आसपास राहतील. बॅटरी नाकाला टेकली तरी शेपूट खालीच जात असेल, तर ईएससी आणि रिसीव्हर पुढे घ्या, सर्व्हो पंखाखालून पुढे सरकवा, शेपटीवरचा जादा टेप आणि गोंद काढा. नाक फार जड वाटलं तर उलट. हा खेळ मोकळ्या मनानं तीन-चार वेळा खेळा. जी रचना सापडेल, तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि बॅटरीच्या जागेच्या पुढेमागे दोन-दोन सेंटीमीटर मोकळी जागा राखा. ती पुढे फार कामाला येते.

सर्व्हो आणि पुशरॉड

सर्व्हो बसवण्याआधी त्याला मध्यावर आणा. सर्व्हो टेस्टर असेल तर उत्तम. नसेल तर रिसीव्हरला जोडून रेडिओची काडी (स्टिक) मध्ये आणि ट्रिम (मध्य किंचित सरकवणारं बटण) शून्यावर ठेवा. सर्व्होचा मध्य म्हणजे १५०० मायक्रोसेकंदांचा सिग्नल, दोन टोकं साधारण १००० आणि २०००. मध्यावर आल्यावरच सर्व्होचा हात (दांड्यावरची भोकांची प्लास्टिक पट्टी) बसवा, पुशरॉडला काटकोनात. दातऱ्यांमुळे हात नेमका काटकोनात बसत नाही, किंचित तिरका राहतो. हात काढून दुसऱ्या बाजूनं, पुन्हा तिसऱ्या बाजूनं बसवून बघा. चार टोकांच्या हातात एक टोक बहुतेक वेळा बरोबर येतं. उरलेला एखाददुसरा अंश सबट्रिमनं, म्हणजे रेडिओच्या मेनूतून मध्य सरकवून. आधीच सबट्रिमनं सगळं ओढत बसलात तर एका बाजूला हालचाल कमी पडते.

फोममध्ये सर्व्हो थेट गरम गोंदानं चिकटवू नका. त्याच्या अंगाला आधी मास्किंग टेपचा एक वेढा द्या आणि गोंद त्या टेपवर लावा. सर्व्हो जळला, दाते तुटले, तर टेप कापून तो बाहेर येतो. लाकडात स्क्रूनं बसवत असाल तर भोकात पातळ सुपरग्लूचा एक थेंब सोडून वाळू द्या आणि मग स्क्रू पिळा. लाकूड टणक होतं, स्क्रू ढिला होत नाही.

पुशरॉडसाठी १.२ किंवा १.५ मिमीची कडक तार. धडातून शेपटीपर्यंत नुसती तार नेली तर ती दाबाखाली वाकते: तुम्ही वर ओढायचा हुकूम देता आणि वेगात एलिव्हेटर अर्धवटच हलतो. तार प्लास्टिकच्या नळीतून न्या आणि नळी दर १५–२० सेंटीमीटरला धडाला चिकटवा. दुसरा उपाय मला जास्त आवडतो: पतंगाला लावतात तसली बांबूची कामटी घ्यायची, दोन्ही टोकांना तारेचे तुकडे दोऱ्यानं घट्ट बांधायचे आणि त्यावर सुपरग्लू सोडायचा. हलकं आणि ताठ. एका टोकाला इंग्रजी झेडसारखा वाक, दुसऱ्या टोकाला लांबी कमीजास्त करता येईल असा क्लेव्हिस (चिमट्यासारखी, आट्यांवर फिरणारी अडकण) किंवा स्क्रूची अडकण. हॉर्नची (हलत्या पट्टीवरच्या, तार अडकवायच्या शिंगाची) भोकं बिजागरीच्या रेषेच्या बरोब्बर वर यायला हवीत. पुढेमागे गेली तर वर आणि खालची हालचाल असमान होते.

कोणत्या भोकात तार घालायची, हा प्रश्न नवख्यांना हमखास पडतो. सर्व्होच्या हातावर आतलं भोक, हॉर्नवर बाहेरचं भोक: हालचाल कमी, जोर जास्त, ढिलाई कमी. शिकाऊ विमानाला हेच हवं. उदाहरणार्थ, सर्व्होचा हात ८ मिमी, हॉर्न १६ मिमी आणि सर्व्हो एका बाजूला ४० अंश फिरला, तर एलिव्हेटर साधारण १९ अंश हलतो; त्याची पट्टी ४० मिमी रुंद असेल तर मागच्या कडेला ही हालचाल सुमारे १३ मिमी भरते. पुरेशी आहे. उलट, मोठी हालचाल तारांनी ठेवून ती रेडिओत ४० टक्क्यांवर आणणं चुकीचं. सर्व्होची बारीक पायरी आणि ताकद दोन्ही वाया जातात.

शेवटी एलिव्हेटर दोन बोटांत धरून हळूच हलवा. सर्व्हो न हलता पट्टी एक मिलिमीटरपेक्षा जास्त खुळखुळत असेल तर भोक सैल आहे. दुसऱ्या भोकात जा किंवा हॉर्न बदला.

एलेरॉनचे (विमान कलवणाऱ्या, पंखाच्या मागच्या कडेवरच्या पट्ट्यांचे) दोन सर्व्हो वाय केबलनं (एकीच्या दोन होणाऱ्या तारेनं) एकाच चॅनलवर चालवणार असाल तर ते दोन्ही पंखांत आरशातल्या प्रतिबिंबासारखे बसवा. मग एक एलेरॉन वर जाताना दुसरा आपोआप खाली जातो. दोन वेगळे चॅनल वापरणार असाल तर ते काम रेडिओच्या मिक्सवर सोपवता येतं.

वीज

इथे फार रेंगाळायचं कारण नाही, पण चार गोष्टी पाळा. बॅटरी थेट रिसीव्हरला कधीही लावू नका. ईएससीतला बीईसी बॅटरीचे ११.१ व्होल्ट उतरवून रिसीव्हर आणि सर्व्होंना ५ व्होल्ट देतो, आणि ती वीज थ्रॉटलच्याच तीन तारांतून येते. दुसरं, ईएससी हवेच्या झोतात ठेवा. फोमच्या बंद पोटात गुंडाळली तर ती तापते. तिसरं, तारा कमी पडल्या तर ईएससी ते मोटर ही बाजू वाढवा, बॅटरीकडची नाही. बॅटरीकडच्या तारा लांबल्या की व्होल्टेजचे झटके ईएससीला बसतात. चौथं, मोटर उलटी फिरली तर तिच्या तीन तारांपैकी कोणत्याही दोन अदलाबदल करा.

बॅटरी पूर्ण भरली की १२.६ व्होल्ट. उतरल्यावर, थोडी थांबून मोजाल तेव्हा १०.५ च्या खाली गेलेली नसावी. आठवडाभर उडवणार नसाल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा. फुगलेली बॅटरी विमानात घालू नका.

रिसीव्हर आणि त्याच्या दोन मिशा

रिसीव्हर बसवणं म्हणजे डबी चिकटवणं, असा समज असतो. खरं काम अँटेनाचं आहे.

जुन्या ७२ मेगाहर्ट्झच्या रेडिओत रिसीव्हरमधून मीटरभर लांब तार निघायची, ती शेपटीपर्यंत ताणून बांधायची. २.४ गिगाहर्ट्झला तरंगलांबी साडेबारा सेंटीमीटर, आणि तिचा पाव भाग म्हणजे साधारण ३१ मिमी. रिसीव्हरमधून निघणाऱ्या बारीक काळ्या किंवा करड्या तारेच्या टोकाला बघा: शेवटचा ३१ मिमीचा भाग जरा बारीक असतो. ऐकणारा कान तेवढाच. त्याच्या आधीची जाडसर तार नुसता रस्ता आहे, ती कशीही वळवली तरी चालते. तो टोकाचा भाग मात्र कापायचा नाही, दुमडायचा नाही, बॅटरीला चिकटवायचा नाही.

दोन अँटेना असतील तर दोन्ही टोकं एकमेकांशी काटकोनात ठेवा: एक आडवी, एक उभी, किंवा दोन्ही इंग्रजी व्ही आकारात. कारण असं: अँटेना आपल्या टोकाच्या दिशेनं जवळजवळ बहिरी असते. विमान वळताना एक टोक नेमकं तुमच्याकडे रोखलेलं असलं, तर त्या क्षणी दुसरं टोक ऐकत असावं लागतं. ट्रान्समीटरच्या अँटेनालाही हेच लागू. तिचं टोक विमानाकडे रोखून उभं राहू नका. ती वाकवून आडवी किंवा उभी ठेवा, म्हणजे तिची कूस विमानाकडे राहील.

टोकं ताठ राहावीत म्हणून शहाळ्याच्या स्ट्रॉचे दोन तुकडे काटकोनात चिकटवून त्यात ती सरकवतात. स्वस्त, हलकं, आणि पुढच्या विमानात हलवायला सोपं. फोम, बाल्सा आणि प्लास्टिक शीट यांतून रेडिओलहरी सहज जातात. कार्बनच्या नळ्या, बॅटरी, मोटरच्या तारा आणि चकचकीत चंदेरी टेप मात्र त्या अडवतात. पंखात कार्बनची नळी असेल तर अँटेनाचं टोक तिला समांतर, तिला लागून ठेवू नका. काही सेंटीमीटर दूर न्या.

डबी स्वतः वेल्क्रोनं बसवा, म्हणजे काढता येते. पेट्रोल किंवा ग्लो इंजिनाचं विमान असेल तर थरथर फार; तिथे रिसीव्हर मऊ फोममध्ये सैलसर गुंडाळावा. तारांना डबीपाशी थोडी ढील द्या, ताणलेली तार हळूहळू सुटते.

तारांचा रंग: तपकिरी किंवा काळी म्हणजे ऋण, मधली लाल म्हणजे धन, नारिंगी किंवा पांढरी म्हणजे सिग्नल. लाल मध्येच असल्यामुळे प्लग उलटा लागला तरी बहुधा काही जळत नाही, पण सर्व्होही हलत नाही. सर्व्हो मेला असं ठरवण्याआधी प्लग उलटा नाही ना, ते बघा. चॅनलचा क्रम कंपनीनुसार बदलतो. फ्लायस्काय आणि फुटाबात १ एलेरॉन, २ एलिव्हेटर, ३ थ्रॉटल, ४ रडर. स्पेक्ट्रममध्ये थ्रॉटल पहिला. मित्राच्या विमानाचा फोटो बघून प्लग लावू नका.

रेडिओची तयारी

चालू करताना आधी ट्रान्समीटर, मग विमान. बंद करताना आधी विमान, मग ट्रान्समीटर. ही सवय पहिल्या दिवसापासून अंगी लावा. बाइंड झालं (ट्रान्समीटर आणि रिसीव्हरची जोडी जमली), ईएससीला थ्रॉटलची टोकं शिकवली (थ्रॉटल पूर्ण पुढे, बॅटरी जोडायची, बीप ऐकायचे, थ्रॉटल पूर्ण मागे, तुमच्या ईएससीचं पत्रक वाचा), की दिशा तपासा. विमानाच्या मागे उभे राहा, नाक तुमच्यापासून दूर, आणि हे चार प्रश्न मोठ्यानं म्हणत उत्तर द्या:

१. एलेरॉनची काडी उजवीकडे. उजवा एलेरॉन वर गेला का? डावा खाली?
२. एलिव्हेटरची काडी तुमच्याकडे ओढली. शेपटीची पट्टी वर गेली का?
३. रडरची काडी उजवीकडे. रडरची मागची कड उजवीकडे गेली का?
४. थ्रॉटल वर. मोटर फिरली, आणि योग्य दिशेनं?

एलेरॉनमध्ये गफलत सगळ्यात जास्त होते, कारण मन गोंधळतं: उजवीकडे वळायचं तर उजवी पट्टी खाली जायला हवी, असं वाटतं. नाही. उजवी पट्टी वर गेली की उजव्या पंखाची उचल कमी होते, तो खाली येतो आणि विमान उजवीकडे कलतं. ज्या बाजूला काडी, त्या बाजूची पट्टी वर. हे मी प्रत्येक उड्डाणाआधी तपासतो, वर्षानुवर्षं उडवलेल्या विमानावरसुद्धा.

हालचाल मोजून ठेवा, पट्टी लावून. या आकाराच्या विमानाला सुरुवातीला एलेरॉन आणि एलिव्हेटर वर-खाली १० ते १२ मिमी, रडर दोन्हीकडे २० मिमी पुरे. रेडिओतली एक्स्पो ही सेटिंग २५–३० टक्के दिली की काडीच्या मध्याजवळ विमान शांत राहतं. मात्र एक्स्पोचं चिन्ह कंपनीनुसार उलट असतं. स्पेक्ट्रममध्ये अधिक म्हणजे मऊ, फुटाबात उणे म्हणजे मऊ. काडी थोडीशी हलवून पट्टी खरंच कमी हलते ना, ते डोळ्यांनी बघा.

फेलसेफ विसरू नका. सिग्नल तुटला तर मोटर बंद झालीच पाहिजे. प्रोपेलर काढलेला, थ्रॉटल थोडा वर, मोटर फिरते आहे, आणि आता ट्रान्समीटर बंद करा. मोटर थांबली तर ठीक. फिरतच राहिली तर मैदानावर जायचं नाही.

सीजी, म्हणजे तोलबिंदू

आता मुख्य काम. सगळं सामान ठरल्या जागी, प्रोपेलर बसवलेला, बॅटरी आत पण तार सुटी, झाकण लावलेलं. इंधनाचं विमान असेल तर टाकी रिकामी, कारण उतरताना ती तशीच असते आणि इंजिनाच्या विमानात टाकी बहुधा तोलबिंदूच्या पुढे असते.

तोलबिंदू कुठे हवा? शिकाऊ विमानासाठी पंखाच्या सरासरी रुंदीच्या २५ ते ३३ टक्क्यांवर, पुढच्या कडेपासून मोजून. आपल्या २०० मिमी पंखाला हे अंतर ५० ते ६६ मिमी येतं. पहिल्या उड्डाणाला मी ५५ धरतो. पंखाची उचल ढोबळमानानं पाव रुंदीपाशी केंद्रित मानली जाते. शेपूट मागून जी मदत करते तिच्यामुळे अख्ख्या विमानाचा तटस्थ बिंदू आणखी मागे सरकतो. वजनाचं केंद्र त्या तटस्थ बिंदूच्या पुढे असलं तरच विमान झुळूक लागल्यावर आपणहून सरळ होतं. केंद्र जितकं पुढे, तितकं विमान शांत पण आळशी. मागे सरकत गेलं की चपळ होतं, मग बिथरतं, आणि तटस्थ बिंदू ओलांडला की कोणाच्याच हातात राहत नाही. म्हणूनच नवख्यानं चूक करायचीच असेल तर नाकाच्या बाजूनं करावी.

पंख टोकाकडे निमुळता असेल तर मुळाची रुंदी घेऊन चालत नाही. एका वर्तमानपत्रावर अर्धा पंख पूर्ण मापात काढा. मुळाच्या रेषेला, पुढच्या कडेच्या पुढे, टोकाच्या रुंदीइतकी रेघ वाढवा. टोकाच्या रेषेला, मागच्या कडेच्या मागे, मुळाच्या रुंदीइतकी वाढवा. या दोन नव्या टोकांना जोडणारी रेघ आणि दोन्ही रुंदींच्या मध्यांना जोडणारी रेघ जिथे छेदतात, तिथली रुंदी म्हणजे सरासरी रुंदी. मुळाशी २४० आणि टोकाशी १६० असेल तर ती साधारण २०३ मिमी येते. टक्के तिचे काढायचे, तिच्या पुढच्या कडेपासून मोजायचे, आणि ती खूण काटकोनात धडापर्यंत आणायची.

खुणेसाठी मी टिकली वापरतो. पंखाच्या खाली दोन्ही बाजूंना मखमली टिकली चिकटवली की बोटाला ती न बघता लागते, आणि मैदानावर वाऱ्यात उभं राहून तोल बघताना त्याचा फार उपयोग होतो.

वरच्या पंखाचं विमान सरळ धरून, पंखाखाली बोटं लावून तोलायचं. खालच्या पंखाचं विमान उलटं करून. तोलताना विमानाचं बहुतेक वजन टेकूच्या खाली लोंबलं पाहिजे, नाहीतर ते एका क्षणात या बाजूला, दुसऱ्या क्षणात त्या बाजूला पडतं आणि खरा तोल कळत नाही. बोटं थरथरतात म्हणून लाकडाच्या फळीवर दोन उभ्या पेन्सिली रोवा, खोडरबराचं टोक वर, टेकू तयार.

आता हिशोब. समजा विमान ५५ ऐवजी ६५ मिमीवर तोललं, म्हणजे केंद्र १० मिमी मागे. वजन ९०० ग्रॅम. ९०० गुणिले १०, म्हणजे ९०००. हे कर्ज फेडायचे दोन मार्ग. बॅटरी १८० ग्रॅमची, तर ९००० भागिले १८०, ती ५० मिमी पुढे सरकवा. विमानाचं वजन एक ग्रॅमनंही वाढत नाही. बॅटरीला जागाच नसेल तर नाकात, केंद्राच्या २५० मिमी पुढे, ९००० भागिले २५०, म्हणजे ३६ ग्रॅम शिसं. पहिल्या दिवशी राखलेल्या त्या मोकळ्या जागेची किंमत इथे कळते.

वजन लावावंच लागलं तर ते शक्य तितकं टोकाला लावा, थोड्यात भागतं. टायरवाल्याकडे चाकांच्या बॅलन्सिंगसाठी मिळणाऱ्या चिकट पट्ट्या ५ आणि १० ग्रॅमच्या तुकड्यांत येतात. मासेमारीचं शिसंही चालतं. आधी अंदाज घ्यायला नाणी टेपनं लावून बघा: पाच रुपयांचं नाणं सहा-सात ग्रॅमचं. आणि वजन घट्ट बसवा. हवेत सुटलेलं शिसं विमानाला क्षणात शेपूटजड करतं.

डावं-उजवं

हा भाग पुष्कळजण टाळतात. एकानं मोटरच्या दांड्याला आणि दुसऱ्यानं शेपटीच्या खालच्या कडेला एकेका बोटाचा आधार देऊन विमान उचला. तीन-चार वेळा उचलल्यावर दर वेळी तोच पंख खाली गेला तर तो जड. दुसऱ्या पंखाच्या अगदी टोकाला एखादं नाणं लावून बघा. दोन-चार ग्रॅममध्ये भागतं. ट्रिमनं हे लपवता येतं, पण ट्रिमचा परिणाम वेगानुसार बदलतो आणि वजन तेवढंच राहतं. म्हणून सरळ उडणारं विमान उतरताना मंदावलं की एका बाजूला कलतं.

मैदानावर

भारतात ड्रोन नियम, २०२१ नुसार मॉडेल विमानं नजरेच्या टप्प्यातच उडवायची असतात. जागा ठरवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी नकाशावर ती हिरव्या (परवानगी न लागणाऱ्या) क्षेत्रात आहे ना, ते बघा. हिरव्या क्षेत्रात बहुतेक ठिकाणी ४०० फुटांपर्यंत उडवता येतं; शिकणाऱ्याला ती उंची भरपूर आहे.

सकाळी लवकर जा, वारा उठायच्या आत. पहिलं काम रेंज तपासणी: रेडिओत कमी शक्तीचा पर्याय असेल तर तो लावून ३० पावलं दूर जा, मित्राला विमान घट्ट धरायला सांगा, सगळ्या पट्ट्या हलवा, मग मोटर चालवून पुन्हा. सर्व्हो थरथरले किंवा अडखळले तर अँटेनाची जागा बदला. त्या दिवशी उडवू नका, असंच मी सांगेन.

दुसरं काम: उंच गवतावर, वाऱ्याच्या समोर, मोटर बंद ठेवून, खांद्याच्या उंचीवरून विमान सरळ ढकला. वर भिरकावायचं नाही, नाक क्षितिजाच्या किंचित खाली. ते सरळ उतरत गेलं तर ठीक. नाक उचलून थबकलं तर शेपूट जड, दगडासारखं नाकावर गेलं तर नाक जड. उड्डाण शक्यतो अनुभवी माणसाच्या हाती द्या आणि शेजारी उभे राहून बघा.

विमान उंचीवर स्थिर झालं की ट्रिम करा. उतरल्यावर पट्ट्या कुठे थांबल्या ते बघा, क्लेव्हिस फिरवून, तारेची लांबी बदलूनच ती जागा मिळवा आणि ट्रिम पुन्हा शून्यावर आणा. पुढच्या उड्डाणात उतार चाचणी: भरपूर उंची, अर्धा थ्रॉटल, सरळ उडताना ट्रिम नीट, मग ३०–४५ अंशांत नाक खाली करून काडी सोडा आणि फक्त बघा. विमान हळूहळू आपणहून वर आलं तर नाक थोडं जड आहे, शिकणाऱ्याला तसंच हवं. झटकन उसळलं तर नाक फार जड. बॅटरी ५ मिमी मागे. त्याच कोनात जात राहिलं तर तोल तटस्थाच्या जवळ आहे. आणि आणखी खाली वळायला लागलं तर लगेच काडी ओढा, उतरवा आणि बॅटरी पुढे घ्या. एका वेळी ३ ते ५ मिमीपेक्षा जास्त हलवू नका, आणि एका उड्डाणात एकच बदल.

जागा पक्की झाली की धडात बॅटरीच्या पुढच्या कडेपाशी मार्करनं रेघ मारा आणि शेजारी बॅटरीचं वजन लिहा. उद्या दुसऱ्या कंपनीची २१० ग्रॅमची बॅटरी हाती आली, तर त्या रेघेवर ती चालणार नाही. टिकल्यांवर पुन्हा तोलून तिच्यासाठी दुसरी रेघ मारावी लागेल. आणि ग्लूगन? ती टेबलावर तोल साधला की, मैदानावर जाण्याआधी तापवा आणि सर्व्हो, नळ्या, हॉर्न यांना शेवटचा गोंद द्या.